नसलेला मावसभाऊ

माझ्या आईला बहीण नाही. सहा भाऊ आहेत, त्यातले दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण बहीण एकही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मानपाड्याच्या एका सोसायटीत अर्धा पावसाळा मला एक मावसभाऊ होता, आणि त्याचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं तापतं.

आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो ती इमारत धोकादायक ठरली. पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस चिकटवली, पाणी तोडलं, आणि आपापली सोय बघा असं सांगून साहेब लोक जीपमध्ये बसून निघून गेले. आई-वडील नाशिकला माझ्या भावाकडे गेले. माझी नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका रसायनांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये. मी नाशिकला जाऊन काय द्राक्षं तोडणार होते? म्हणून भाड्याची खोली शोधायला लागले. एकटी मुलगी म्हटल्यावर निम्मे मालक फोनवरच गार पडायचे. उरलेले घर दाखवायचे, गॅलरी दाखवायचे, पाण्याची वेळ सांगायचे, आणि चप्पल घालताना सहज विचारल्यासारखं आडनाव विचारायचे. ते ऐकलं की ‘मिसेसना विचारून कळवतो’. एकाही मिसेसने कधी कळवलं नाही. वडील फोनवर म्हणायचे, चिडू नकोस, शोधत राहा. मी चिडत चिडतच शोधत होते.

शेवटी शाळेतल्या मराठीच्या बाई पावल्या. निवृत्त होऊन मानपाड्याला राहत होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी बाई आणि त्यांचे यजमान सहा महिने अमेरिकेला निघाले होते. बाईंनी मला बोलावून किल्ली हातात ठेवली. “घर बंद राहिलं की भिंतींना बुरशी येते. तू राहा, माझ्या झाडांना पाणी घाल. भाड्याचं नावही काढू नकोस.” आडनाव त्यांना पाचवीपासून पाठ होतं. मी जिना उतरताना रडले, हेही सांगते.

ते विमानात बसले त्या दिवशी संध्याकाळी मी दोन बॅगा घेऊन दार उघडलं, तर स्वयंपाकघरात एक बाप्या तव्यावर सुके बोंबील भाजत उभा. अंगात बनियन, कानात हेडफोन. मला बघून चिमटा हातात घेऊन पुढे आला आणि विचारतो, “कोण पाहिजे?”

माझ्या बाईंच्या घरात मला विचारतो, कोण पाहिजे!

त्याच्याकडेही किल्ली होती. ती सरांनी दिलेली. सर म्हणजे बाईंचे यजमान, दुसऱ्या शाळेत गणित शिकवायचे, आणि हा त्यांचा विद्यार्थी. डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठी कोळ्यांचं गाव आहे, तिथला. घर पाडून नवीन बांधायला काढलेलं, सगळं कुटुंब काकाकडे दाटीवाटीने राहायला गेलेलं. हा पुलांची ड्रॉइंग करायचा, घरूनच काम, संध्याकाळी परदेशातल्या साहेबांबरोबर मीटिंगा. काकाच्या घरी मीटिंग सुरू झाली की मागून कोंबडा आरवायचा. म्हणून सरांनी त्याला घर दिलं. बायकोला न विचारता. बायकोनेही मला दिलं होतं, नवऱ्याला न विचारता.

विचारणार कसे? बाई आणि सर एकमेकांशी बोलत नव्हते. मी शाळेत होते तेव्हापासूनचा तो अबोला. बाई गावाला गेल्या असताना सरांनी त्यांची बाजाची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली होती. बाईंच्या वडिलांनी दिलेली पेटी. त्यानंतर बाईंनी नवऱ्याचं जेवण केलं, आजारपणं काढली, मुलीचं लग्न लावलं, सगळं केलं, बोलल्या मात्र नाहीत. आणि सर माफी मागायची सोडून तेही गप्प बसले. दोघांचं चालायचं ते तिसऱ्या माणसामार्फत. आधी मुलगी होती, मग कामवाली मावशी.

आता आम्ही होतो. मी त्या रात्री बाईंना फोन लावला आणि जे काही बोलायचं ते बोलले. बाई म्हणाल्या, “यांनी? किल्ली दिली? तू असं कर, त्या मुलाला सांग, सरांना विचार म्हणावं, हा काय प्रकार आहे.” सर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. मला त्यांचा खोकला ऐकू येत होता!

आतली खोली मी घेतली आणि बाहेरची त्याला दिली. तात्पुरतं, दुसरी सोय होईपर्यंत. दोघांनाही दुसरी सोय होत नव्हती. त्यालाही घरमालक विचारायचे, मासे करणार का? तो करणार म्हणायचा. खोटं बोलावं तरी.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. सफारी, हातात छत्री, तोंडावर काळजी. “बाईंचं घर आहे म्हणून विचारतोय. आपल्या इथे फॅमिलीच लागते. तुम्ही दोघं… म्हणजे कोण?” मी काहीतरी बोलणार तेवढ्यात हा तोंडातला घास न गिळताच म्हणाला, “मावसभाऊ आहे मी हिचा.”

मी मान हलवली. काय करणार? डोक्यावर छप्पर हवं होतं. सेक्रेटरींचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग काही प्रश्नच नाही. बहीण-भाऊ म्हटल्यावर काय!” जाताना नाक वर करून हुंगले. “फक्त तो वास जरा…”

तो वास! आमच्या लॅबच्या दिशेकडून वारा आला की मानपाड्यात घरोघरी डोळ्यांना पाणी यायचं, खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. त्याबद्दल सोसायटीत कधी कोणी चकार शब्द काढला नाही. आणि पावसाळ्यात बोटी बंद असताना एका माणसाने दोन बोंबील भाजले तर जिन्यात मीटिंग. मला स्वतःला सुकट आवडते, आमच्या घरी पावसाळा तिच्यावरच निघतो. पण त्याच्यावरही मी चिडलेलेच होते. जरा उघडीप मिळाली की तो बाईंच्या गुलाबांवर बोंबील वाळत घालायचा, त्यांना ऊन दाखवायला, आणि तिथेच दोरीवर माझा कामावरचा कुडता असायचा. लॅबमध्ये मुली विचारायच्या, आज डब्यात काय आणलंय गं?

मला डबे नीट लागतात. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आत काय आणि कधी भरलं. तो डब्यांत काहीही भरायचा. साबुदाणा लिहिलेल्या डब्यात स्क्रू. मी बोलले की म्हणायचा, “अरे यार, लॅब आहे का घर?” मी म्हणायचे, घर आहे म्हणूनच. असे आम्ही रोज भांडायचो, आणि शेजारच्या काकू दारातून कौतुकाने बघायच्या. “सख्खी भावंडंसुद्धा इतकी भांडत नाहीत हो!”

भांडणाच्या मध्येच निरोप यायचे. बाईंचा मला फोन: त्या मुलाला सांग, सरांना म्हणावं, बाळाला उचलताना मान धरा. मी त्याला सांगायचे, तो सरांना फोन करायचा. सरांचा उलटा निरोप त्याच वाटेने: चहात साखर जास्त पडतेय. एका छताखाली बसलेल्या नवरा-बायकोचा चहा मानपाड्यावरून फिरून जायचा. मला त्या म्हाताऱ्यांचा भयंकर राग यायचा. माझी शिफ्ट, माझी झोप, माझा फोन, आणि साखर त्यांची.

एकदा मी शेजारीच उभी असताना त्याने माझा निरोप पुढे पोचवला. मी सांगितलं होतं, ‘मान धरा’. हा सरांना म्हणाला, “बाई म्हणत होत्या, बाळ तुमच्याकडेच शांत राहतं. फक्त मान तेवढी धरा.” मी फोन ठेवू दिला आणि फाडफाड बोलले. ही भेसळ आहे म्हटलं. आमच्याकडे नमुन्यात कोणी असं केलं तर नोकरी जाते. तो म्हणाला, “अगं, नुसती मान धरा म्हटलं तर म्हातारा दिवसभर कुढत बसतो. मी जरा मीठ घातलं, बस्स.”

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज वेगळाच होता. “त्यांनी आज स्वतःहून माझा चष्मा पुसून ठेवला. काही म्हणाले का गं ते?” मी काय सांगणार? मीही थोडं मीठ घातलं.

मग एका संध्याकाळी मी शिफ्टवरून आले. त्याने माझं ताट झाकून ठेवलं होतं, भाजी सकाळी मीच करून गेलेली. मी जेवत होते, तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेला. मान वर न करता म्हणाला, “सर म्हणत होते, आज शेवग्याची भाजी मस्त झालेली.”

मी बरं म्हटलं. दोन घास खाल्ले आणि माझा हात थांबला. सर अमेरिकेत. माझी शेवग्याची भाजी त्यांनी कुठून खाल्ली?

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. मला हसू यायला हवं होतं, पण आला तो राग. इतकी वर्षं मी कुणाच्या अध्यातमध्यात नव्हते, कुणाचं काही मागत नव्हते, आणि हा माणूस साबुदाण्यात स्क्रू टाकून वर माझी झोपही घेऊन चालला होता. मी म्हटलं, “सरांना सांग, तिखट कमी पडलं होतं.” तो म्हणाला, “सांगतो. पण ते ऐकायचे नाहीत.”

त्यानंतर सर फार बोलायला लागले. सर म्हणायचे, छत्री घेऊन जा. सर म्हणायचे, निळा कुडता बरा दिसतो. बाईही बोलायच्या. बाई म्हणायच्या, दाढी कर, मीटिंगमध्ये दरोडेखोर दिसतोस. खऱ्या बाई आणि खऱ्या सरांना यातलं काही माहीत नव्हतं. आम्हीही एकमेकांशी सरळ असं काहीच बोललो नाही. आणि बाहेर पडलं की मावसभाऊ.

हा मावसभाऊच माझ्या डोक्यात जायचा. आपल्याकडे आत्याच्या मुलाशी लग्न लावतात, आईबाप हौसेने लावतात. आतेभाऊ म्हटलं की लोक गालात हसतात आणि सोडून देतात. मावशीचा मुलगा म्हणजे मात्र भाऊ. तिथे विषय संपला. मग जगातली सगळी नाती सोडून याला मावसच का सुचलं? मामाचा म्हण, आत्याचा म्हण, शेजारच्या गावचा म्हण! तोंडात घास होता म्हणून? मी एकदा विचारलं तर नुसता बोंबील उलटत राहिला.

श्रावण आला, आणि शेजारच्या काकू हळदीकुंकवाच्या उत्साहात घरात शिरल्या. यंदा सोसायटीचं रक्षाबंधन खाली हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र करायचं ठरलं होतं. “तुझा तर भाऊ घरातच आहे, नाहीतर बाकीच्यांना गावाला जावं लागतं. पहिला मान तुमचा.”

आमच्या घरी राखी नसते. वडिलांनी असले सगळे दोरे कधीच बंद केले. भाऊ भावासारखा वागला की झालं, सूत कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि मी ते लॅबमध्ये, बसमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे ऐकवलेलं. याच्यासमोर तर दहादा. काकू गेल्यावर मी त्याला विचारलं, आता काय करायचं? मला वाटलं तो म्हणेल, अजिबात नाही. तो म्हणाला, “बांध की. दोऱ्याने काय होतंय? तूच म्हणतेस ना.”

माझेच शब्द काढून माझ्याच हातात दिले! त्या क्षणी तो मला इतका परका वाटला की मी उठून आत गेले आणि दार लावून घेतलं.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी हॉलमध्ये पाट मांडले होते. त्याला त्या दिवशी गावी जायचं होतं, खाडीला नारळ द्यायला, वर्षाचा मोठा सण त्यांचा. तरी थांबला. नवा शर्ट, डोक्यावर रुमाल, आणि पाटावर मांडी घालून शहाण्यासारखा हात पुढे. काकूंनी माझ्या हातात ताट दिलं. सगळे बघत होते. सेक्रेटरी मोबाइल धरून शूटिंग करत होते.

मी राखी उचलली. दोऱ्यावर माझा विश्वास नाही, हे मी आजही छातीठोक सांगेन. पण ती राखी मला त्याच्या हाताला बांधता येईना. बांधली असती तर काहीही झालं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी येईना. तो खाली मान घालून बसलेला, मनगट तसंच पुढे. नाही बांधली तर घर जाणार होतं. पुन्हा गॅलरी, पुन्हा पाण्याची वेळ, पुन्हा आडनाव.

मी वळले, सेक्रेटरींचा मोबाइलचा हात धरला आणि राखी त्यांच्या मनगटाला बांधून मोकळी झाले. चांगली निरगाठ मारली. “परक्या ठिकाणी आले तेव्हा घर देणारे तुम्हीच,” मी म्हटलं. “म्हणजे खरे भाऊ तुम्हीच.” टाळ्या पडल्या. सेक्रेटरींचे डोळे भरून आले. त्यांना बहीण नव्हती, हे मला नंतर कळलं. त्यांनी धावत घरी जाऊन बायकोचा नवा कोरा स्टीलचा डबा आणून मला ओवाळणी घातली.

तो पाटावरून उठला. घरात आल्यावर म्हणाला, “हे काय केलंस? संशय आला असता तर?”

“तू हात पुढे केलासच कसा?” मी म्हटलं. तो डोक्यावरचा रुमाल सोडत राहिला. मी म्हटलं, आता माझ्याशी बोलू नकोस. तो बॅग उचलून गावी गेला, आणि मी त्याचे स्क्रू साबुदाण्याच्या डब्यातून काढून सेक्रेटरींच्या नव्या डब्यात भरले, चिठ्ठी चिकटवली, आणि मग ओट्याला टेकून रागाने रडले.

दुपारी बाईंचा फोन आला. तिकडे पहाट असणार. बाई घाबऱ्याघुबऱ्या. “अगं, त्या मुलाने यांना फोन केला होता. किल्ली परत देतो म्हणाला. तू एकटी राहा म्हणून.”

मी विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं?” निरोप नेहमी माझ्यामार्फत जायचे-यायचे. यावेळी मध्ये मी नव्हते.

“कोणी म्हणजे? हे म्हणाले. यांच्याकडे तुझा नंबर नाही ना. तो मुलगा म्हणाला म्हणे, की ती घर शोधताना काय काय ऐकून आलीय ते मला माहीत होतं, म्हणून मी सेक्रेटरींना मावसभाऊ म्हणालो, की कोणी तिच्याकडे वाकडं बघायला नको. आतेभाऊ म्हटलं असतं तर लोक बोलले असते. आणि आजही…”

मागून सरांचा आवाज आला. “तसं नाही म्हणाला तो. अगं, नीट सांग. हात पुढे केला तेव्हा तो देवाला सांगत होता, की हिने बांधू नये.”

“मी सांगतेय ना? तुम्ही गप्प बसा हो जरा!”

बाई थेट सरांशी बोलल्या होत्या! मी फोन कानाला घट्ट लावला. मग बाई म्हणाल्या, मला नाही, सरांना, “पेटी भंगारात देताना विचारलं होतंत का मला? एका शब्दाने?”

“चुकलंच ते,” सर म्हणाले. “पण तेव्हा तू…”

“तेव्हा मी काय?”

इतक्या वर्षांचं भांडण सुरू झालं आणि माझा फोन कोणी ठेवेना. शेवटी मीच ठेवला. चेहरा धुतला, निळा कुडता घातला, तोच, बोंबलाचा वास लागलेला, आणि खाली उतरले. सगळ्यांचा राग आला होता मला. माझं भलं कशात आहे ते हा परस्पर ठरवणार, लोकांनी वाकडं बघू नये म्हणून स्वतःला माझा भाऊ करून घेणार, पाटावर बसून देवाला साकडं घालणार, आणि मला एका शब्दाने सांगणार नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर दोन माणसांना दोन खोल्यांत राहू द्यायला लोकांना आधी नातं दाखवावं लागतं म्हणून!

गेटवर सेक्रेटरी उभे होते. मनगटावर माझी राखी, बाही मुद्दाम वर केलेली. “काय ताई, कुठे निघालात?”

“पश्चिमेला, खाडीवर. त्याला आणायला.” मला आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता. “आणि भाऊ, तो माझा मावसभाऊ नाही. माझ्या आईला बहीणच नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, राखीकडे बघितलं, मग वर आमच्या खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता बॅगा भरायच्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

“अहो, मग आतेभाऊ म्हणायचं होतं ना! कोणी काही बोललं नसतं. आता मी लोकांना काय सांगू?”

इतके दिवस मी ज्याच्यासाठी जळत होते, ते एवढंच होतं. खरं-खोटं यांना नकोच होतं. त्यांना फक्त बरा शब्द हवा होता.

“तुमच्या बहिणीचा माणूस आहे म्हणून सांगा,” मी म्हटलं, आणि रिक्षाला हात केला.